अंगठा तुटला म्हणून चप्पल टाकायची?

चपलेचा अंगठा तुटला म्हणून चप्पल कोणी फेकून देत नाही. ती कोपऱ्यावरच्या कारागिरापुढे ठेवली जाते, तो दोन टाके घालतो आणि चप्पल पुन्हा पायात येते. या दोन टाक्यांमागे मूळ चप्पल करणाऱ्याचे शहाणपण असते. पावलागणिक ज्या जागी ताण येणार ती जागा कधीतरी तुटणारच, हे त्याने आधीच मान्य केलेले असते. म्हणून तो अंगठा तळाशी एकजीव न करता शिवून घेतो. आता हीच नजर माळ्यावरच्या खोक्यात सापडलेल्या एखाद्या जुन्या हातयंत्राकडे वळवू. गेम बॉय असेल, वॉकमन असेल, आयपॉड असेल. यंत्र सुरू होते, पण हेडफोन लावला की आवाज एकाच कानात येतो. प्लग जरा हलवला की खरखर होते. कधी तर हेडफोन काढून घेतल्यावरही स्पीकर मुकाच राहतो. मग ‘जॅक गेला’ असा निकाल देऊन यंत्र पुन्हा माळ्यावर जाते. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. हेडफोनचा जॅक हा अशा यंत्राचा अंगठाच आहे. बाहेरच्या जगाचे सगळे ओढणे-खेचणे तो सोसतो आणि म्हणून तो झिजणार, हे ठरलेले आहे. तो झिजल्यावर यंत्र दोन टाक्यांत चालते होईल की कायमचे बाद होईल, हे मात्र नशिबावर नसते. त्यातले बरेचसे यंत्र आखणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते आणि उरलेले आपल्या निदानावर अवलंबून असते.

निदान चुकते ते जॅकला आपण नुसते भोक समजतो म्हणून. त्याचा जन्मच मुळी स्विच म्हणून झाला. १८७८ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन इथे व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या चार्ल्स स्क्रिबनर यांनी ऑपरेटरच्या फळ्यासाठी एक जोडणी तयार केली. घडीच्या चाकूला इंग्रजीत जॅक-नाइफ म्हणतात. त्या चाकूसारख्या दिसणाऱ्या या स्विचवरून ‘जॅक’ हे नाव रूढ झाले. ऑपरेटर प्लग आत खुपसायचा, तेव्हा आतली पट्टी उचलली जाऊन एक जोड तुटायचा आणि दुसरा जुळायचा. म्हणजे प्लग घालणे हीच कळ दाबणे होते. १८८२ मध्ये मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आले, तेव्हाच्या अनेक फळ्यांमागचे तत्त्व हेच होते. त्या घराण्यातला पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा प्लग आजही इलेक्ट्रिक गिटारला लागतो. त्याचेच धाकटे रूप असलेला ३.५ मिलिमीटरचा प्लग ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर खिशात आला आणि १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनने त्याला घराघरात नेले. त्या वॉकमनला तर दोघांना एकत्र ऐकता यावे म्हणून दोन जॅक दिलेले होते. यंत्रे बदलत गेली, पण प्लग आत गेला की पट्टी उचलायची आणि बाहेर आला की खाली बसायची, हे काम तसेच राहिले.

जॅक उघडून पाहिला तर आत गुंतागुंत नाही. प्लगच्या दांड्यावर दोन काळ्या रेघा दिसतात. त्या रेघांनी दांड्याचे तीन तुकडे झालेले असतात. टोकाचा तुकडा डाव्या कानाचा, मधली कडी उजव्या कानाची आणि बुडाचा लांब भाग दोन्ही कानांना सामाईक, ज्याला ग्राउंड म्हणतात. माइक असलेल्या मोबाइल हेडफोनला तीन रेघा आणि चार तुकडे असतात. जॅकच्या आत या प्रत्येक तुकड्याला टेकणारी एकेक स्प्रिंगसारखी लवचीक पट्टी असते. याशिवाय स्पीकर असलेल्या यंत्रांत बहुधा आणखी एखादी पट्टी असते, जी कानाकडे आवाज नेत नाही. ‘प्लग आत आहे की नाही’ एवढेच ती यंत्राला सांगते. प्लग आत गेला की ती आपल्या जोडीदार पट्टीपासून दूर ढकलली जाते आणि स्पीकर बंद होतो. प्लग काढला की तिने परत येऊन टेकायचे असते. जॅकचे सगळे आजार हे या चार-पाच पट्ट्यांचे, त्यांच्या पायांना लागलेल्या सोल्डरचे किंवा पट्ट्यांवर बसलेल्या मळाचे आजार असतात. त्यामुळे ‘जॅक गेला’ हे वाक्य ‘तब्येत बरी नाही’ इतकेच मोघम ठरते. नेमके काय बिघडले हे कळायला लक्षण नीट ऐकावे लागते.

लक्षणे बऱ्यापैकी बोलकी असतात. एकच कान बंद असेल तर पहिला संशय जॅकवर नव्हे, हेडफोनच्या वायरवर घ्यावा, कारण प्लगच्या मानेशी वायर सतत दुमडत असते आणि तिथली बारीक तार जॅकच्या पट्टीच्या आधी तुटते. दुसरा हेडफोन लावून पाहिला की अर्ध्या मिनिटात खटला निकाली निघतो. दुसऱ्या हेडफोनलाही तोच कान बंद असेल, तर टोकाच्या किंवा कडीच्या पट्टीकडे पाहायचे. प्लग बोटाने फिरवल्यावर आवाज येतो-जातो, तर पट्टी मळली आहे किंवा सैल पडली आहे. प्लग न फिरवता नुसता वरखाली दाबल्यावर आवाज येतो-जातो, तर जॅकच्या पायाशी सोल्डरला तडा गेला असण्याची शक्यता अधिक. सगळ्यांत गमतीचे लक्षण म्हणजे गाणे लावल्यावर वाद्ये ऐकू येतात आणि गायक मात्र दूर विहिरीतून गातो आहे असे वाटते. हा ग्राउंडचा जोड तुटल्याचा पुरावा आहे. सामाईक परतीचा रस्ता बंद झाला की दोन्ही कानांतले छोटे स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि त्यांच्यातून डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक वाहतो. ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो. सारख्यातून सारखे वजा केले की उरते शून्य. म्हणून गायक नाहीसा होतो आणि बाजूला ठेवलेली वाद्ये, घुमारा तेवढा शिल्लक राहतो. मल्टिमीटर हातात न घेता फक्त कानाने केलेले हे निदान आहे.

आता एक यंत्र जवळून पाहू, कारण तिथे हा सगळा मुद्दा ठसठशीत दिसतो. निन्टेन्डोचा गेम बॉय २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. तो आणि त्याचा रंगीत भाऊ गेम बॉय कलर मिळून जगभर ११ कोटी ८६ लाखांहून अधिक नग विकले गेले. राखाडी प्लास्टिकचा हा ठोकळा चार पेन्सिल सेलवर चालतो. समोर उजव्या हाताला खाली तिरप्या खाचांआड एकच स्पीकर आहे आणि खालच्या कडेला हेडफोनचा जॅक. स्पीकर एकच असल्याने त्यातून डावे-उजवे ऐकू येत नाही. पण यंत्राच्या आत मात्र आवाज दोन बाजूंना वाटलेला असतो. तो वाटलेला आवाज फक्त हेडफोनमधूनच बाहेर येतो. म्हणजे जॅक ही इथे चैन नाही. त्याच्याशिवाय या यंत्राची डावी-उजवी वाटणी ऐकूच येत नाही. या यंत्राची एक प्रसिद्ध तक्रार अशी, की हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ येतो, पण हेडफोन काढल्यावर स्पीकरमधून काहीच येत नाही. लोक स्पीकर बदलतात आणि तरी यंत्र मुकेच राहते. स्पीकर बहुधा धडधाकट असतो. प्लग आहे की नाही हे सांगणारी ती पट्टी मळामुळे परत नीट टेकलेली नसते आणि यंत्राला वाटत राहते की कोणीतरी अजून हेडफोन लावून बसले आहे. बिघाड स्पीकरला दिसतो आणि दोषी जॅक असतो. अर्थात हे सरसकट खरे नाही. या गेम बॉयच्या पोटात पुढचा आणि मागचा असे दोन बोर्ड एका चपट्या पट्टीवायरने जोडलेले आहेत आणि ती पट्टी सैल असली तरी स्पीकर गप्प बसू शकतो. पण प्लग पाच-दहा वेळा आतबाहेर केल्यावर स्पीकर क्षणभर जरी खरखरला, तरी जॅकचा गुन्हा सिद्ध झाला असे समजायला हरकत नाही.

जॅक इतका का झिजतो, याचे उत्तर त्याच्या जागेत आहे. यंत्राचे बाकीचे भाग कवचाआड असतात. जॅकला मात्र बाहेरच्या धातूच्या दांड्याशी रोज झटापट करावी लागते. अनेक जॅकच्या माहितीपत्रकांत सुमारे ५,००० वेळा प्लग घालण्या-काढण्याची हमी दिलेली असते. दिवसातून दोनदा हेडफोन लावणाऱ्याच्या हिशेबाने ही जवळजवळ सात वर्षे झाली. जुन्या यंत्राने तेवढे आयुष्य कधीच ओलांडलेले असते. त्याहून मोठा शत्रू म्हणजे तरफ. ३.५ मिलिमीटरच्या प्लगचा आत जाणारा दांडा जेमतेम दीड सेंटिमीटरचा असतो, पण सरळ प्लगची मूठ आणि वायरचा ताठ भाग त्याहून बराच लांब बाहेर राहतो. यंत्र खिशात असताना बसले-उठले, की बाहेरच्या लांब बाजूवर पडलेला साधा दाब आतल्या आखूड बाजूला कित्येक पट होऊन जॅकच्या पायांवर येतो. पहारीने दगड उचकटावा तसा प्लग जॅकला बोर्डावरून उचकटत असतो, दर वेळी केसभर. काटकोनात वळलेला प्लग वापरला की ही पहारच आखूड होते. दुरुस्तीनंतर पुन्हा तोच आजार नको असेल तर यापेक्षा स्वस्त उपाय नाही. तिसरा शत्रू हवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने दमट, त्यात समुद्राची खारी हवा. पट्ट्यांवरचा पातळ मुलामा एकदा घासला गेला की खालचा धातू काळवंडतो. जुन्या खेळण्यात सेल तसेच विसरले असतील, तर त्यांतून पाझरलेला क्षारही वायरींच्या वाटेने पुढे सरकत जातो.

या कारणांचा क्रम लक्षात घेतला की इलाजाचा क्रमही आपोआप ठरतो: आधी मळ, मग सैलपणा, मग तडा आणि सगळ्यांत शेवटी जॅक बदलणे. सेल काढून घ्यावेत आणि टॉर्चने आत डोकावावे. खिशातली कापसाची धूळ तळाशी दाबून बसलेली असते आणि त्यामुळे प्लग शेवटचा अर्धा मिलिमीटर आत जात नाही. तेवढ्यानेही एक कान बंद पडू शकतो. ही धूळ लाकडी टूथपिकने उकरावी, सुईने नव्हे, कारण सुई पट्टी वाकवते. मग दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल प्लगवर लावून तो प्लग जॅकमध्ये वीसेक वेळा आतबाहेर करावा आणि गोल फिरवावा. घासण्याचे काम प्लगच करतो. अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत सेल घालू नयेत. मळाचा बिघाड असेल तर तो इथेच संपतो आणि यंत्र उघडावेही लागत नाही. प्लगचे टोक आत तुटून राहिले असेल, तर मात्र हात आखडता घ्यावा. तुटक्या टोकाला गोंद लावून ओढण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. त्यात गोंद पट्ट्यांवर पसरला की साफ करता येणारा जॅक खरोखरच बाद होतो. कवच उघडून, जॅकला मागून भोक असेल तर तिथून बारीक तारेने टोक पुढे ढकलणे हा सभ्य मार्ग आहे.

तडा असेल तर सोल्डरिंग आले. जुन्या कारागिरांच्या भाषेत सांगायचे तर डाख लावणे आले. इथे जुनेपणा चक्क फायद्याचा ठरतो. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर निर्बंध आणले आणि त्यानंतर उद्योगाने मोठ्या प्रमाणावर शिसेविरहित सोल्डर स्वीकारले, जे साधारण २१७ अंश सेल्सियसच्या पुढे वितळते. त्याआधीचे शिसे-कथिलाचे प्रचलित मिश्रण १८३ अंशांनाच वितळते. म्हणजे १९८९ च्या यंत्राला कमी उष्णतेत हात घालता येतो आणि बोर्ड भाजण्याचा धोका कमी होतो. शिसे आहे म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. तडा गेलेल्या पायावर थोडे ताजे सोल्डर देऊन तो पुन्हा वितळवला की पुष्कळदा एवढ्यानेच भागते. जॅक बदलायचाच असेल तर जुना जॅक अख्खा ओढून काढण्याचा हट्ट धरू नये. पाच पाय एकाच वेळी तापवता येत नाहीत आणि ओढाताणीत बोर्डावरची तांब्याची टिकली, म्हणजे पॅड, उखडते. त्यापेक्षा कटरने जॅकचे प्लास्टिक तोडून पाय सुटे करावेत आणि एकेक पाय तापवून काढावा. पाच रुपयांचा जॅक मेला तरी चालेल, बोर्ड जगला पाहिजे. नवा जॅक घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाताना जुना जॅक कागदात गुंडाळून बरोबर न्यावा. ३.५ मिलिमीटर हे भोकाचे माप झाले. पायांची संख्या आणि त्यांतली अंतरे वेगवेगळी असतात. तीन पायांचा साधा जॅक बसवला तर हेडफोन वाजेल, पण ‘प्लग आहे की नाही’ सांगणारी पट्टीच नसल्याने स्पीकर कायमचा चालू किंवा कायमचा बंद राहील.

दुरुस्तीची ही पायरी सोपी की अवघड, हे हाताच्या कसबापेक्षा यंत्राच्या आराखड्यावर ठरते, आणि गेम बॉयच्या एकाच घराण्यात याचा पुरावा मिळतो. पहिल्या गेम बॉयमध्ये जॅक मुख्य बोर्डावर नाही. तो बोटाच्या पेराएवढ्या वेगळ्या बोर्डावर बसवलेला आहे आणि काही वायरींनी मुख्य बोर्डाशी जोडलेला आहे. प्लगने कितीही उचकटले तरी मार त्या छोट्या तुकड्याला बसतो. ज्या बोर्डावर प्रोसेसर आणि मेमरी आहे, त्याला तो धक्का पोहोचत नाही. शिवलेला अंगठा म्हणतात तो हाच. १९९८ चा गेम बॉय कलर आणि २००१ चा गेम बॉय ॲडव्हान्स यांत जॅक थेट मुख्य बोर्डावर आला. दुरुस्ती अजून शक्य होती, पण आता गरम सोल्डरिंग आयर्न यंत्राच्या मेंदूशेजारी न्यावे लागते. २००३ च्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपीने तर साधा जॅकच काढून टाकला. हेडफोन लावायचा तर चार्जिंगच्या जोडणीत घालायचा वेगळा अडॅप्टर विकत घ्या. अडॅप्टर हरवला की कान बंद. चौदा वर्षांत, एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत, सुटा जॅक, चिकटलेला जॅक आणि गायब जॅक अशा तिन्ही अवस्था दिसतात. जॅकची घडण या काळात फारशी बदलली नाही. बदलली ती, तो तुटल्यावर काय व्हावे याबद्दलची भूमिका.

यावर पहिला आक्षेप अभियंत्यांच्या बाजूने येतो. यंत्रे लहान आणि पातळ झाली, वेगळ्या बोर्डाला जागा लागते, जोडणी लागते, खर्च लागतो. तेव्हा हा दोष भूमिकेचा नसून भूमितीचा आहे. आक्षेपात तथ्य आहे. १९८९ च्या ठोकळ्यात जागेची ददात नव्हती आणि प्रत्येक जादा जोडणी ही स्वतःच बिघाडाची एक नवी जागा असते. पण जागा नसते म्हणून सुटा भाग देता येत नाही, हे त्यानंतरच्या यंत्रांनीच खोटे पाडले आहे. ॲपलच्या आयपॉड क्लासिकमध्ये जॅक आणि होल्डचे बटण मिळून एक वेगळा भाग मागच्या कवचाला बसवलेला आहे, तो एका लवचीक पट्टीवायरने मुख्य बोर्डाला जोडतात. कवच उघडणे कटकटीचे असले तरी जॅकसाठी मुख्य बोर्डावर सोल्डरिंग करावे लागत नाही. आणि खुद्द निन्टेन्डोच्या २०१७ च्या स्विचमध्ये, जो जेमतेम १४ मिलिमीटर जाडीचा आहे, हेडफोनचा जॅक आणि गेम कार्डाची खाच मिळून एका वेगळ्या छोट्या बोर्डावर आहेत. या दोन्ही गोष्टी घालण्या-काढण्याने झिजणाऱ्या आहेत. त्या एकत्र करून मुख्य बोर्डापासून दूर ठेवल्या आहेत. भूमिती अडचण निर्माण करते हे खरे, पण इच्छा असेल तर त्या अडचणीतून वाट निघते, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप आजच्या ग्राहकाचा असतो: ब्लूटूथच्या काळात या भोकाची किंमत काय? २०१६ मध्ये आयफोन ७ ने जॅक सोडला, इतरही कंपन्यांनी सोडला, जगाचे काही अडले नाही. नव्या फोनबद्दल हा युक्तिवाद ज्याला पटेल त्याने घ्यावा. पण जुन्या यंत्राच्या बाबतीत तो उलटा पडतो. गेम बॉयमध्ये ब्लूटूथ नाही; त्याला बिनतारी करायचे तर बाहेरून छोटा ट्रान्समीटर लावावा लागतो आणि तो ट्रान्समीटर लावायचा कुठे, तर त्याच मोडक्या जॅकमध्ये. शिवाय साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा उशीर होऊ शकतो. गाणे ऐकताना हे कळत नाही, पण सेकंदाला सुमारे साठ चित्रे दाखवणाऱ्या खेळात एवढ्या वेळात सहा ते बारा चित्रे निघून जातात. उडी आधी दिसते आणि तिचा आवाज मागाहून येतो. जॅकमुळे पाणी आत शिरते म्हणून तो काढावा लागला, हेही सांगितले जाते. सॅमसंगचा गॅलॅक्सी एस ७ त्याच २०१६ सालचा. त्याला दीड मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याचे मानांकन होते आणि जॅकही होता. तेव्हा जॅक काढण्यामागे जागा, बॅटरी, व्यापार अशी कारणे जरूर असतील, पण पाणी हे निमित्त पुरेसे नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे आणि म्हणून सर्वांत जड. इतक्या जुन्या यंत्रावर एवढा वेळ घालवणे परवडते का? दुकानातली मजुरी जॅकच्या किमतीच्या कित्येक पट होते आणि तेवढ्यात नवे काहीतरी येते. पैशाच्या हिशेबात अनेकदा हे खरे असते. जी वस्तू नवी मिळते आणि तेच काम करते, तिच्या बाबतीत हा हिशेब मानावाच. पण जुन्या हातयंत्राचा आवाज नव्यात विकत मिळत नाही. गेम बॉयच्या चार ध्वनिवाहिन्यांचा तो चिरका, चौकोनी आवाज वापरून संगीत करणारे लोक जगभर आहेत. २००० साली आलेला लिटल साउंड डीजे हा प्रोग्राम गेम बॉयलाच वाद्य बनवतो आणि त्या वाद्याचा आवाज मंचावर जातो तो बहुधा हेडफोनच्या जॅकमधूनच. त्यांच्यासाठी जॅक दुरुस्त करणे म्हणजे तंबोऱ्याची तार बदलणे. आणि जे संगीतकार नाहीत त्यांच्यासाठीही हिशेबाची एक बाजू राहते. मजुरी महाग पडते ती मुख्यतः यंत्र उघडायला, जॅक सुटा करायला आणि योग्य भाग शोधायला लागणाऱ्या वेळामुळे. हा वेळ आराखड्याने वाढवलेला असतो. सुट्या बोर्डाच्या यंत्रात तोच बिघाड स्वस्त पडतो. दुरुस्ती परवडत नाही हे कारण नसून पुष्कळदा परिणाम असतो.

ही गोष्ट आता कायदे करणाऱ्यांच्याही ध्यानात येऊ लागली आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विक्रीला येणाऱ्या स्मार्टफोनसाठी जे नियम लागू झाले, त्यांत सुटे भाग वर्षानुवर्षे उपलब्ध ठेवण्याची अट आहे आणि त्या भागांच्या यादीत बॅटरी-पडद्याबरोबर आवाजाची आणि चार्जिंगची बाहेरची जोडणीही आहे. भारतात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोबाइल आणि टॅबलेट हे तिने निवडलेल्या चार क्षेत्रांपैकी एक होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी सरकारी पोर्टलही सुरू झाले. मात्र सुटा भाग मिळणे आणि तो बसवता येणे यांत अंतर आहे. दुकानात जॅक मिळाला आणि तो मुख्य बोर्डाला अशा जागी चिकटलेला असला, की बसवताना शेजारची चिप भाजावी, तर त्या हक्काचा उपयोग मर्यादितच राहतो. उलट सध्याच्या अनेक स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंगची जोडणी एका छोट्या सब-बोर्डावर असते, कधी जॅकही तिथेच असतो आणि गल्लीतला दुरुस्तीवाला तो बोर्ड चहा निवायच्या आत बदलून देतो. महाग फोन टिकाऊ आणि स्वस्त फोन टाकाऊ ही समजूत निदान या एका भागापुरती तरी तपासून पाहायला हवी.

गेम बॉयची रचना ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली, ते गुनपेई योकोई नवलाईपेक्षा मुरलेल्या तंत्रावर भरवसा ठेवणारे म्हणून ओळखले जातात. ज्या भागांचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक झाले आहेत, जे स्वस्तही झाले आहेत, तेच घेऊन त्यांचा नवा उपयोग शोधायचा, ही त्यांची रीत होती. हेडफोनचा जॅक हा तर टेलिफोनच्या फळ्यापासून शंभर वर्षे मुरलेला भाग. तो कुठे झिजतो, कसा तुटतो, हे १९८९ मध्ये नवे नव्हते. त्या पेराएवढ्या वेगळ्या बोर्डामागे दुरुस्तीचाच विचार होता की जुळणीची सोय, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही आणि त्याने फरकही पडत नाही. पस्तीस वर्षांनंतर कोणीतरी ते राखाडी कवच उघडतो, चार-पाच वायरी सोडवतो, तेवढाच तुकडा बदलतो आणि खेळ पुन्हा दोन्ही कानांत ऐकू येतो, एवढे मात्र त्या रचनेने शक्य करून ठेवले आहे. म्हणून जुने हातयंत्र हातात आले, जॅक खरखरला, तर आधी दुसरा हेडफोन, मग टॉर्च, मग अल्कोहोल. त्याने भागले नाही, तर कवच उघडून एकच गोष्ट पाहायची: जॅकचे पाय कोणत्या बोर्डात रुतले आहेत. ते यंत्र किती दिवस वापरात राहू शकेल, याचे बरेचसे उत्तर तिथेच लिहून ठेवलेले असते.